रेफरन्सेसमुळे लेख परत आला? दुरुस्ती कुठून सुरू करायची

लेख रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाही. सबमिट केल्यावर दोन-चार दिवसांत एडिटोरियल ऑफिसचा मेल येतो: रेफरन्सेस जर्नलच्या पद्धतीप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. नेमकं काय चुकलं हे त्या मेलमध्ये बहुतेक वेळा नसतंच. मग रात्रभर बसून स्वल्पविराम हलवले जातात, लेख पुन्हा पाठवला जातो आणि तोच मेल पुन्हा येतो.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. "मॅडम, जर्नलनं परत पाठवलं" असं म्हणत पेन ड्राइव्ह पुढे करणारे रेसिडेंट मला दर महिन्याला भेटतात. लेखांचे विषय वेगळे असतात, चुका त्याच त्या असतात. म्हणून माझ्या टेबलाशी ज्या क्रमानं तपासते, त्याच क्रमानं इथं लिहिते आहे.

लक्षणं

यातलं तुमच्या लेखात काय काय दिसतं ते आधी बघा.

मजकुरात ७ नंतर एकदम १२ येतो आणि ८ त्याच्याही पुढच्या परिच्छेदात सापडतो. तक्त्यातले आकडे मजकुराच्या क्रमात बसत नाहीत. एकच पेपर यादीत ९ वरही आहे आणि २३ वरही. नवा रेफरन्स मध्ये घातला तरी पुढचे आकडे सरकत नाहीत. मजकुरात मधेच महिरपी कंसात लेखकाचं आडनाव, वर्ष आणि हॅशच्या खुणेपुढे एखादा नंबर दिसतो. 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं ठळक अक्षरांत उमटतं.

यादीत जागतिक आरोग्य संघटनेचं नाव 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असं छापलं जातं. काही जर्नलांची नावं पूर्ण, काहींची संक्षिप्त. काही शीर्षकांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, काहींत नाही. एका रेफरन्सला खंड आहे, पानं नाहीत. दुसऱ्याचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाकला की भलताच पेपर उघडतो, किंवा काहीच उघडत नाही.

यांचे चार गट पडतात. सगळी यादी एकाच प्रकारे चुकली असेल तर दोष स्टाइलमध्ये, म्हणजे झोटेरो किंवा एंडनोटसारख्या रेफरन्सेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या मांडणीच्या नमुन्यात आहे. काहीच रेफरन्स चुकलेले असतील तर दोष त्या त्या रेफरन्सच्या मूळ नोंदीत आहे. आकडे हलत नसतील किंवा विचित्र कंस दिसत असतील तर वर्डची फाइल आणि सॉफ्टवेअर यांच्यातला दुवा तुटला आहे. डीओआय उघडत नसेल किंवा भलतं काही उघडत असेल, तर तो पेपर खरोखर आहे का इथपासून बघावं लागतं. यादीत दिसणारी चूक यादीतच खोडून भागत नाही, कारण सॉफ्टवेअर पुढच्या वेळी यादी नव्यानं रचतं तेव्हा हातानं केलेली दुरुस्ती पुसली जाते. माझ्याकडे परत परत येणाऱ्या बहुतेक लेखांची हीच कथा आहे.

कशालाही हात लावण्याआधी फाइलची प्रत काढा आणि नावात आजची तारीख घाला. 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल' अशी नावं ठेवू नका. पुढे पाचव्या तपासणीत ही तारीखवार प्रतच तुम्हाला वाचवणार आहे.

पहिली तपासणी: जर्नलच्या सूचना आणि एक ताजा लेख

खर्च काही नाही, वेळ पंधरा मिनिटं. लेखकांसाठीच्या सूचना उघडा आणि शेजारी त्याच जर्नलच्या अलीकडच्या अंकातला, तुमच्याच प्रकारचा एखादा लेख उघडा. केस रिपोर्ट पाठवत असाल तर केस रिपोर्टच घ्या, कारण रेफरन्सेसच्या संख्येची मर्यादा प्रकाराप्रमाणे बदलते.

"पण मॅडम, मी व्हँकूव्हरमध्येच केलंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. १९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडात व्हँकूव्हरला जमले, त्यांनी हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले आणि १९७९ साली ते पहिल्यांदा छापले गेले. त्या गटाची पुढे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली, आपण तिला आयसीएमजेई म्हणतो. रेफरन्सचे तपशीलवार नमुने अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडे, म्हणजे एनएलएमकडे आहेत. मजकुरात क्रमानं आकडे आणि शेवटी त्याच क्रमानं यादी, हे तत्त्व सगळीकडे सारखं आहे. बारकावे मात्र प्रत्येक जर्नलचे आपापले. त्यामुळे 'व्हँकूव्हर' हे एका घराण्याचं नाव समजा, त्यात माणसं पुष्कळ आहेत.

एक उदाहरण घेऊ. धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगावरचा डॉल आणि हिल यांचा १९५० सालचा पेपर कम्युनिटी मेडिसिनच्या प्रत्येकानं कधी ना कधी दिलेला असतो. तो असा लिहिला जातो:

डॉल आर, हिल एबी. स्मोकिंग अँड कार्सिनोमा ऑफ द लंग, प्रिलिमिनरी रिपोर्ट. बीआर मेड जे. १९५०;२(४६८२):७३९-४८.

बीआर मेड जे म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल. आता एखाद्या जर्नलला कंसातला अंक क्रमांक नको असतो, तिथे नुसतं २:७३९-४८ उरतं. दुसऱ्याला पानं पूर्ण लागतात, ७३९-७४८. तिसऱ्याला जर्नलच्या नावानंतरचं टिंब नको, चौथ्याला जर्नलचं नाव तिरक्या अक्षरांत हवं. लेखक दोनच आहेत म्हणून इथं प्रश्न आला नाही. आयसीएमजेईच्या नमुन्यात सहापेक्षा जास्त लेखक असले की पहिले सहा देऊन एट अल, म्हणजे 'आणि इतर', लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सहापेक्षा जास्त असले की पहिले तीनच देऊन एट अल. म्हणजे सात लेखकांचा पेपर दोन्हीकडे वेगळा दिसतो, आणि आपल्या क्षेत्रात सात लेखक म्हणजे नेहमीचीच गोष्ट.

मजकुरातला आकडाही बघा. तो वर चढवलेला आहे का, साध्या कंसात आहे का चौकोनी कंसात, पूर्णविरामाच्या आधी आहे का नंतर. भारतातल्या बऱ्याच जर्नलांना चौकोनी कंसासकट वर चढवलेला आणि विरामचिन्हानंतर येणारा आकडा लागतो. कच्च्या फाइलमध्ये तो नेमका उलटा असतो.

हे सगळं एका कागदावर सात-आठ ओळींत लिहून घ्या. सूचना आणि छापलेला लेख यांत फरक दिसला तर मी लेखी सूचना धरते. लेख तपासणाऱ्या माणसाच्या हातात तीच यादी असते.

दुसरी तपासणी: सॉफ्टवेअरमधली स्टाइल

हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि सगळी यादी एकाच प्रकारे चुकलेली असेल तर बहुधा इथंच संपतं. झोटेरोमध्ये वर्डच्या पट्टीवर डॉक्युमेंट प्रेफरन्सेस उघडा आणि कोणती स्टाइल निवडलेली आहे ते बघा. त्या जर्नलच्या नावाची स्टाइल शोधा. झोटेरोच्या संग्रहात दहा हजारांहून जास्त स्टाइली फुकट आहेत. तुमच्या जर्नलची सापडली नाही तर कागदावर लिहिलेल्या नियमांशी सर्वांत जवळची घ्या.

त्याच खिडकीत मेडलाइनची, म्हणजे एनएलएमच्या वैद्यकीय लेखांच्या सूचीतली, जर्नल-संक्षेपं वापरण्याची चौकट असते. ती खूण केलेली असली की झोटेरो स्वतःकडची संक्षेपं वापरतं आणि नोंदीतल्या संक्षेपाच्या रकान्याकडे बघत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक नोंदीत संक्षेप दहा वेळा बदलतात आणि यादीत फरक का पडत नाही म्हणून वैतागतात.

स्टाइल बदलूनही एखाद्या गोष्टीचा फरक उरलाच, उदाहरणार्थ अंक क्रमांक काढायचा राहिला, तर ती दुरुस्ती सर्वांत शेवटी, दुवे तोडलेल्या प्रतीत हातानं करा (ती प्रत कशी काढायची ते पाचव्या तपासणीत आहे). आत्ता नको.

तिसरी तपासणी: कागद आणि लाल पेन

लेख छापा. पडद्यावर हे होत नाही, मी प्रयत्न करून बघितला आहे. पहिल्या पानापासून मजकुरातला प्रत्येक आकडा लाल गोलात घ्या आणि समासात लिहीत जा. नियम एकच: प्रत्येक नवा आकडा आधीच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा एकानं मोठा हवा. जुना आकडा पुन्हा आला तर चालतो. तीस रेफरन्सेसच्या लेखाला वीस मिनिटं पुरतात.

क्रम मोडलेला सापडला तर दहातल्या सात-आठ वेळा कारण तक्त्यात असतं, निदान माझ्याकडे येणाऱ्या लेखांत तरी. आयसीएमजेईचा नियम असा की जे रेफरन्सेस फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात आहेत, त्यांना त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथं येतो, तिथला क्रमांक मिळतो. समजा, मजकुरात ११ पर्यंत आकडे झाले आणि पुढच्या वाक्यात 'तक्ता १ पाहा' असं आहे. तक्त्यात तीन नवे पेपर आहेत. त्यांना १२, १३, १४ मिळायला हवेत आणि मजकुरातला पुढचा नवा रेफरन्स १५ व्हायला हवा. पण तक्ता फाइलच्या शेवटी ठेवलेला असतो. सॉफ्टवेअर वरून खाली वाचत जातं, त्याला तक्ता शेवटी दिसतो, म्हणून ते तक्त्यातल्या पेपरना ३१, ३२, ३३ देऊन मोकळं होतं. यात सॉफ्टवेअरची चूक नाही, आपण तक्ता त्याला चुकीच्या जागी दाखवला आहे.

उपाय सोपा आहे. लेख तयार होईपर्यंत तक्ता त्याच्या पहिल्या उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवा. आकडे बरोबर बसले, दुवे तोडून अंतिम प्रत काढली, की मग तक्ता उचलून शेवटी किंवा वेगळ्या फाइलमध्ये न्या.

कागदावर एक उलटी फेरीही मारा. यादीतला प्रत्येक क्रमांक मजकुरात कुठं तरी आहे ना? हातानं केलेल्या याद्यांत मजकुरात कधीच न आलेले दोन-तीन अनाथ रेफरन्सेस हमखास निघतात. परिच्छेद कापला जातो, रेफरन्स मागे राहतो.

चौथी तपासणी: मूळ नोंदी

इथं वेळ द्या. यादीतल्या बहुतेक चुका नोंदीत जन्मतात आणि नोंद जिथून आणली तिथून त्या आलेल्या असतात.

गूगल स्कॉलरच्या 'साइट' बटनातून व्हँकूव्हर नमुना चिकटवलेला मी लगेच ओळखते. जर्नलचं नाव पूर्ण असतं, आणि पुष्कळदा वर्षापुढे 'जान १' अशी कुठून तरी आलेली तारीख असते. त्याऐवजी पबमेडमधून, म्हणजे एनएलएमच्या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन शोधसूचीतून घ्या. झोटेरोमध्ये जादूच्या कांडीचं चित्र आहे, तिथं डीओआय किंवा पबमेडचा पीएमआयडी क्रमांक टाकला की नोंद आपोआप तयार होते. चाळीस पेपरना अर्धा तास लागतो. हातानं टंकण्यापेक्षा हे जलद आहे आणि चुका कितीतरी कमी होतात.

मग प्रत्येक नोंद उघडून या गोष्टी बघा.

संस्थेचं नाव लेखक म्हणून असेल तर ते एकाच रकान्यात हवं. 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' का होतं? सॉफ्टवेअरला वाटतं की वर्ल्ड आणि हेल्थ ही नावं आहेत आणि ऑर्गनायझेशन हे आडनाव. झोटेरोमध्ये लेखकाच्या ओळीशेजारी एक लहान खूण असते, तिनं दोन रकान्यांचा एक होतो. एंडनोटमध्ये संस्थेच्या नावानंतर स्वल्पविराम द्यायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल, म्हणजे २०१९-२१ चा एनएफएचएस-५, आपल्याकडे निम्म्या लेखांत असतो. त्याला दोन संस्था लेखक आहेत: देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयसीएफ. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकी एका रकान्यात घाला. पहिलीचं तर 'सायन्सेस आयआयएफपी' झालेलं मी पाहिलं आहे.

माणसांची नावं हा आपल्याकडचा खरा अवघड भाग आहे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव ही आपली रीत. दक्षिणेत आद्याक्षर आधी येतं आणि शेवटी येतं ते आडनाव नसून त्या व्यक्तीचं स्वतःचं नाव असतं. व्हँकूव्हर पद्धतीत आडनाव, मोकळी जागा आणि आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही. लेखकाला तुम्ही ओळखत असाल आणि पबमेडनं नाव उलटं केलंय असं दिसलं, तरी पबमेडमध्ये आहे तसंच ठेवा. जर्नलची यंत्रणा तुमचा रेफरन्स पबमेडशी जुळवून बघते आणि आपण सुधारलेलं नाव तिथं जुळत नाही. मनाला पटत नाही, पण वाचकाला पेपर सापडणं महत्त्वाचं.

जर्नलची संक्षेपं अंदाजानं करू नका. एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकलं की अधिकृत संक्षेप मिळतो. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चचं 'इंडियन जे मेड रेस' होतं, 'इंडियन' हा शब्द तोडायचा नाही. असोसिएशन ऑफ फिजिशियन्सच्या जर्नलचं 'जे असोक फिजिशियन्स इंडिया' होतं, 'फिजिशियन्स' तसाच राहतो. लॅन्सेटसारखं एका शब्दाचं नाव तोडत नाहीत, फक्त सुरुवातीचा 'द' गळतो. आणि नाव त्या काळचं द्यायचं: डॉल आणि हिल यांच्या वेळी ते 'बीआर मेड जे' होतं, नुसतं 'बीएमजे' हे नाव १९८८ पासूनचं. १९५०च्या पेपरला बीएमजे लिहिलेलं मी नेहमी बघते.

शीर्षकात फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लागतं. झोटेरोमध्ये शीर्षकावर उजवं बटन दाबून सेन्टेन्स केस निवडता येतं, पण त्यानंतर डोळ्यांखालून घाला. गावांची नावं, जंतूंच्या नावातला पहिला शब्द, एचआयव्हीसारखी संक्षेपं लहान झाली असतील तर परत मोठी करा.

पानं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलांना पानं नसतात, लेखाचा एक क्रमांक असतो, बहुधा ई अक्षरानं सुरू होणारा. पीडीएफच्या खाली १ ते १२ असं छापलेलं असतं ते त्या फाइलचं पान, जर्नलचं नव्हे. १-१२ अशी पानं दिलेला रेफरन्स दिसला की मी आधी तोच उघडते.

छापण्याआधी ऑनलाइन आलेले पेपर लेख पाठवण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पबमेडवर बघा. लेख लिहायला लागलात तेव्हा त्याला खंड-पानं नसतील, आता मिळाली असतील. प्रीप्रिंटचंही, म्हणजे रिव्ह्यू होण्याआधीच ऑनलाइन ठेवलेल्या पेपरचंही तसंच, तो एव्हाना जर्नलमध्ये आला असेल तर जर्नलमधलाच द्या.

दुबार नोंदी डुप्लिकेट आयटम्सच्या फोल्डरमध्ये दिसतात. त्यातली एक डिलीट करू नका, दोन्ही निवडून मर्ज करा. मर्ज केलं तर लेखातले दोन्हीकडचे दुवे एका नोंदीला जोडले जातात. डिलीट केलं तर लेखातला एक आकडा निराधार राहतो.

पाचवी तपासणी: वर्डमधले दुवे

मजकुरातल्या कोणत्याही आकड्यावर क्लिक करा. मागे करडी पट्टी उमटली तर दुवा जिवंत आहे. काहीच झालं नाही तर तो नुसता टंकलेला आकडा आहे, सॉफ्टवेअरला तो माहीतच नाही. आल्ट आणि एफ-९ दाबलं की दुव्यांच्या आतला मजकूर दिसतो. त्यात झोटेरोचं नाव दिसेल किंवा एंडनोटचं 'ईएन डॉट साइट'. पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत होतं. एकाच फाइलमध्ये दोन सॉफ्टवेअरची नावं दिसली तर दुखणं सापडलं: एका लेखकानं झोटेरो वापरलं, दुसऱ्यानं एंडनोट, आणि दोघांची स्वतंत्र क्रमवारी एकाच लेखात चालू आहे. महिरपी कंसातला हॅशवाला मजकूर हा एंडनोटचा तात्पुरता दुवा असतो. ज्याच्या संगणकावर ती लायब्ररी आहे त्यानं फाइल उघडून अपडेट केली की तो आकडा होतो.

'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' यात रेफरन्स हा शब्द आहे म्हणून लोक घाबरतात, पण त्याचा तुमच्या यादीशी संबंध नाही. तक्ता किंवा आकृतीचा क्रमांक वर्डच्या क्रॉस-रेफरन्सनं घातला होता आणि तो तक्ता नंतर काढला गेला, एवढाच त्याचा अर्थ. तिथं क्रमांक पुन्हा घाला.

दुवे कुठं मरतात? फाइल गूगल डॉक्समध्ये चढवून परत वर्डमध्ये उतरवली की. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून चिकटवला की. गाइडनं दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केला की. त्यामुळे सहलेखकांना लेख दाखवायचा असेल तर पीडीएफ द्या किंवा वर्डमध्येच कॉमेंट्स मागा, आणि जिवंत फाइल एकाच माणसाकडे ठेवा. झोटेरो वापरणारे दोघे-तिघे असाल तर ग्रुप लायब्ररी करा. नाही तर एकानं घातलेला पेपर दुसऱ्याच्या लायब्ररीत नसतो आणि दुसऱ्याला लेखातली ती नोंद सुधारता येत नाही.

दुवे मेले असतील तर आधी तारीखवार प्रती उलगडा. जिवंत दुव्यांची शेवटची प्रत सापडली तर नंतरचे मजकुरातले बदल त्या प्रतीत आणा, उलटं करू नका. प्रतच नसेल तर मग एकेक आकडा नव्यानं. माझी रीत अशी: आधी प्रत्येक मेलेल्या आकड्याच्या जागी पिवळ्या रंगात लेखकाचं आडनाव आणि वर्ष लिहायचं, सगळे झाल्याशिवाय एकही दुवा घालायचा नाही, मग वरून खाली एकेक पिवळी जागा भरत जायची. चाळीस रेफरन्सेसना एक दुपार जाते. आकडे आणि दुवे एकाच वेळी बदलायला गेलात तर विसाव्या रेफरन्सपाशी कोणता १७ जुना आणि कोणता नवा ते कळेनासं होतं.

सगळं जमलं की आणखी एक प्रत काढा आणि त्या प्रतीत झोटेरोचं अनलिंक सायटेशन्स किंवा एंडनोटचं कन्व्हर्ट टू प्लेन टेक्स्ट वापरा. जर्नलला हीच प्रत जाते. जिवंत प्रत रिव्हिजनसाठी जपून ठेवा.

सहावी तपासणी: हा पेपर आहे का, आणि तो हेच म्हणतो का

ही सर्वांत महाग तपासणी. प्रत्येक रेफरन्सला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तिला आडवाट नाही. प्रत्येक डीओआय उघडा. शीर्षक, पहिला लेखक, वर्ष आणि पानं चारही जुळतात का बघा. डीओआय नसेल तर पबमेडच्या सिंगल सायटेशन मॅचरमध्ये जर्नल, वर्ष, खंड आणि पहिलं पान टाका.

गेल्या काही वर्षांत हे काम वाढलं आहे, कारण एआयकडून मागवलेले रेफरन्सेस. एका रेसिडेंटची अठ्ठावीसची यादी आम्ही दोघांनी समोरासमोर बसून तपासली. सहा पेपर सापडेनात. शीर्षकं अगदी खरी वाटत होती, जर्नलं खरी होती, खंडही खरे होते. त्या पानावर मात्र दुसराच लेख होता. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. रात्रपाळीनंतर घाईत विचारलं, आलं तसं चिकटवलं. पण त्या लेखावर तिचं नाव होतं आणि तिच्या गाइडचंही.

पेपर सापडला तरी तो मागे घेतला गेलेला नाही ना, हे बघा. पबमेडवर मागे घेतलेल्या लेखाच्या वर ठळक सूचना असते, झोटेरोही इशारा देतं. कोविडच्या काळात एकाच कंपनीच्या माहितीवर बेतलेले दोन पेपर लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले आणि ४ जून २०२० रोजी दोन्हीही मागे घेतले गेले. त्यानंतरही ते रेफरन्स म्हणून येत राहिले, कारण लोकांनी पीडीएफ आधीच उतरवून ठेवली होती. उतरवलेल्या पीडीएफवर नंतरची सूचना उमटत नाही.

आणि पेपर खरा असला, तरी तो तुमच्या वाक्याला आधार देतो का? १९८० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एका परिच्छेदाचं पत्र छापलं गेलं: रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या रुग्णांत व्यसन क्वचितच आढळलं. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये या पत्राचा माग काढलेला आला. ६०८ वेळा त्याचा रेफरन्स दिला गेला होता. त्यांतल्या ७२.२ टक्के लेखांनी ते पत्र व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ८०.८ टक्के लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. त्या पाच वाक्यांच्या पत्राचा असा रेफरन्स देत राहण्याचा उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइड, म्हणजे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाच्या, संकटाला हातभार लागला, असं माग काढणाऱ्या लेखकांनी म्हटलं आहे. त्या रेफरन्सचे स्वल्पविराम सगळे बरोबर असतील.

दुसऱ्याच्या लेखाच्या यादीतून रेफरन्स उचलताना म्हणून मी प्रत्येकाला विचारते: मूळ पेपर उघडलात का? वाचला नसेल तर तो देऊ नका. ज्या लेखात वाचलात, तोच द्या.

इथं थांबा आणि मदत घ्या

दुवे दोनदा नव्यानं घालूनही फाइल बंद-चालू केल्यावर आकडे बिघडत असतील तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. फाइलच आतून बिघडली आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे जा. या कामासाठीच आम्ही आहोत, आणि याला पैसे पडत नाहीत.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे पेपर ठरावीक पद्धतीनं शोधून घेतलेल्या आढाव्यासाठी, शोधातून निघालेल्या हजारो नोंदींतले दुबार काढायचे असतील तर सुरुवातीलाच ग्रंथपालाला सोबत घ्या. एकट्यानं केलेलं हे काम नंतर कुणालाच तपासता येत नाही.

सहाव्या तपासणीत तुमच्या मुख्य मुद्द्याचा आधारच मागे घेतलेला किंवा अस्तित्वात नसलेला निघाला, तर तिथं दुसरा पेपर शोधून बसवू नका. गाइडशी बोला. मग सँपल साइज त्याच पेपरच्या आकड्यावरून काढली असेल तर संख्याशास्त्रज्ञाकडेही जावं लागेल.

रिव्ह्यूअरनं विषयाशी संबंध नसलेले पाच-सहा पेपर घालायला सांगितले तर परस्पर घालू नका, नाकारूही नका. संपादकांना नम्रपणे लिहून विचारा. प्रूफ आल्यावर चूक दिसली तर प्रॉडक्शन विभागाला ओळ क्रमांकासह कळवा, पीडीएफमध्ये स्वतः बदल करू नका. लेख छापून झाल्यावर दिसली तर संपादकांकडे शुद्धिपत्र मागा.

पैसे घेऊन फॉरमॅटिंग करून देणारे मिळतात. पहिल्या पाच तपासण्या त्यांच्याकडून करून घ्यायला माझी हरकत नाही. सहावी मात्र कुणालाही विकत देऊ नका, कारण पेपर काय म्हणतो याची जबाबदारी सही करणाऱ्याची.

ग्रंथपालाकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: जर्नलचा परत पाठवल्याचा मेल, लेखकांसाठीच्या सूचनांची लिंक, जिवंत दुव्यांची सर्वांत अलीकडची वर्ड फाइल, आणि सॉफ्टवेअरमधून आरआयएस स्वरूपात काढलेली तुमची लायब्ररी. नुसती पीडीएफ आणलीत तर पहिला तास फाइल शोधण्यातच जातो.